आरएक्सचा भाव

आमच्या मुरुम गावात एखाद्याच्या दारात जुनी यामाहा आरएक्स १०० उभी दिसली की हल्ली पुण्या-सोलापूरकडची पोरं गाडी थांबवून विचारतात, "काका, द्यायची का?" एके काळी या गाडीसाठी भंगारवालासुद्धा घासाघीस करायचा. आज कागद साफ आणि इंजिन मूळचं असेल तर बोली लाखाच्या पुढे जाते.

१९८५ साली एस्कॉर्ट्सच्या साथीनं यामाहानं ती भारतात आणली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन १०३ किलोच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात. पण रस्त्यावर चेतक, लूना आणि राजदूतचं राज्य होतं तेव्हा येणेगूरहून सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून मूठ पिळली की मागे बसलेल्याच्या पोटात गोळा यायचा. आमच्याकडे स्पोर्ट्स कार कुणी पाहिली होती? आमची स्पोर्ट्स कार हीच. तीही मोजक्यांकडे, डॉक्टर, एखादा गुत्तेदार, उसाचा बागायतदार यांच्याकडे. बाकी गावाच्या वाट्याला तिचा आवाज. फाटकाशी उभं राहून, आवाजावरून गाडी कुणाची ते ओळखणारी आमची पिढी. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती बनायची थांबली.

आज भाव चढवलाय तो नुसता आवाज ऐकलेल्या या पोरांनीच. शिकून, नाहीतर शिक्षण अर्धवट टाकून ती चाकणला, भोसरीला, हिंजवडीला गेली. आता पन्नाशीच्या आसपास आहेत, घराचे हप्ते फिटत आलेत, आणि सोळाव्या वर्षी जे हवं होतं ते आता घेता येतंय. इच्छा आणि ऐपत यांच्यामध्ये तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत नवी आरएक्स १०० एकही आली नाही, होत्या त्यातल्या कित्येक कापल्या गेल्या. घेणारे वाढले, गाड्या घटल्या.

जगातल्या मोठ्या लिलावांतही हेच चालतं. १९६२ ते १९६४ या काळात फेरारीनं २५० जीटीओच्या ३६ गाड्या बनवल्या. त्यातली एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. १९५५ च्या मर्सिडीजच्या उलेनहाउट कूपे दोनच; त्यातल्या एकीला २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरो आले. या किमतींत पैसेवाल्यांची गुंतवणूक आहे, मोठेपणाची हौस आहे, हे खरंच. तरी मुळाशी कुणीतरी कोवळ्या वयात भिंतीवर लावलेलं चित्र असतंच. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अनेक गाड्यांची मागणी अलीकडे मंदावली आहे, कारण त्या रस्त्यावर पळताना पाहिलेले डोळेच आता उरलेले नाहीत.

आमच्याकडचा सौदा मात्र पाहण्यासारखा असतो. घेणारा आधी पेट्रोलात भिजवलेल्या फडक्यानं इंजिनवरचा चिकट थर पुसतो आणि नंबर आरसीशी ताडून पाहतो. मग खिशातून लोहचुंबक काढून टाकीवर फिरवतो. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली, म्हणजे गाडी कधीतरी जोरात आपटलेली. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून आले होते, त्यांना वेगळा मान. आणि कागद! बऱ्याच गाड्या वारलेल्या वडिलांच्या नावावर असतात. भावाभावांचं पटत नाही, सहीला कुणी येत नाही, आणि फिरती, चालती गाडी नुसत्या सहीवाचून पडून राहते.

ही गाडी पस्तीस-चाळीस वर्षं फिरती ठेवली कुणी? मिस्त्रींनी. आमच्याकडचे एक मिस्त्री प्लग काढून हातावर घेतात आणि त्याचा रंग बघतात. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. फिक्कट पांढरा असेल तर कमी पडतंय, इंजिन तापणार. तपकिरी असेल तरच समाधान. मग गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरतात, आणि दुसऱ्या हातानं कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवतात. फायरिंग सरळ झालं हे त्यांच्या चेहऱ्यावरच कळतं. मूळ पार्ट मिळेनात तेव्हा बोअर करून, दुसऱ्या गाडीचा तुकडा घासून बसवून त्यांनी या गाड्या जगवल्या. लाखाच्या सौद्यात त्यांच्या हातावर पडते ती एका सर्व्हिसिंगची मजुरी. याचं मला मनापासून वाईट वाटतं. फेरारीची जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं नाव लिलावाच्या कागदपत्रांत अभिमानानं छापतात. आमच्या मिस्त्रींचं नाव कुठल्या कागदावर येणार?

मूळ मालकाच्या हातीही फारसं काही लागलं नाही. दुष्काळात आधी जनावरं जातात, मग गाडी. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तशा वर्षांत विकलेल्या गाडीला कुठला भाव? तीच पुढे दोन-तीन हात फिरून, रंगून, क्रोम चढवून पुण्यात झळकली. भाव चढला तो तिनं गाव सोडल्यावर.

सरकारी नियमही संग्रहवाल्यांच्या सोयीचे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. पण ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. पहिली आरएक्स या वयाला पोचेल २०३५ मध्ये. दुधाचे कॅन लावून डेअरीला जाणाऱ्या माणसाला त्या नोंदणीचा काय उपयोग? दुसरीकडे पंधरा वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये तीनशेवरून हजार झाली.

भावानं या गाडीला भंगारातून वाचवलं, हे मी नाकारत नाही. भाव नसता तर उरलेल्याही कापल्या गेल्या असत्या. पण त्याच भावानं तिला दिवाणखान्यात, काचेमागे नेऊन उभं केलं. म्हणून मला वाटतं, हा भाव एक दिवस उतरावा. आवाज ऐकलेली आमची पिढी सरली की तो उतरेलही. तेव्हा मुरुमच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोरानं ती परवडेल अशा पैशात परत आणावी, मिस्त्रींकडून शिकलेल्या कुणीतरी तिचा कार्बोरेटर लावून द्यावा, आणि तिच्यावर बसून त्यानं उमरग्याला बियाणं आणायला जावं.