भुशाची ऊब

मिरजेला आमच्या आजोळी दोन चुली होत्या आणि एक भुशाची शेगडी. शेगडी म्हणजे पत्र्याचा डबा, तळाशी एका बाजूला भोक पाडलेला. आजी डब्यात मधोमध बाटली उभी करायची, तळच्या भोकातून एक दांडकं सरकवून बाटलीला टेकवायची आणि भोवताली वखारीतून आणलेला भुसा मुठीने ठासून भरायची. मग बाटली आणि दांडकं हलक्या हाताने फिरवत काढून घ्यायची. खालून जळती काटकी आत गेली की मधली पोकळी लाल व्हायची आणि दोन-तीन तास संथपणे जळत राहायची. भुसा सैल राहिला तर ढासळायचा आणि घरभर धूर व्हायचा. फार घट्ट झाला तर विस्तव मध्येच विझायचा. किती दाबायचं ते आजीच्या मुठीला ठाऊक होतं.

न्यू हॅम्पशायरमधल्या माझ्या वर्कशॉपसाठी स्टोव्ह बघायला गेलो, तेव्हा दुकानदाराने मूठभर पेलेट माझ्या हातावर ठेवले. सहा-सात मिलिमीटर जाडीच्या, बोटाच्या पेराएवढ्या गुळगुळीत कांड्या. वास ओळखीचा, रंध्याखालून निघणाऱ्या ताज्या सालीचा. हा लाकडाचा भुसाच. वाळवून, प्रचंड दाबाखाली साच्याच्या भोकांतून काढलेला. त्या दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि निवल्यावर तेच कण धरून ठेवतं. वेगळा डिंक घालावा लागत नाही. १९७३ च्या तेलटंचाईने पोळलेल्या अमेरिकेत पुढच्या दशकात घरगुती पेलेट स्टोव्ह आला. बोइंगमध्ये काम केलेल्या जेरी व्हिटफिल्ड या अभियंत्याचा त्यात मोठा वाटा. मला मात्र त्या दुकानात आजीची मूठच आठवली.

मी देव्हारे करतो. पाट, चौरंग, पोळपाटही करतो. नॅशुआपासून बॉस्टनपर्यंतच्या मराठी घरांत ते जातात. सागवान इथे सहज मिळत नाही, म्हणून मेपल, चेरी आणि अक्रोड. वर्कशॉप घरामागे, स्वतंत्र, २४ फूट बाय २० फूट. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे वीसपर्यंत उतरतं. अशा वेळी हात गारठतात, पण त्याहून मोठी अडचण लाकडाची आणि डिंकाची असते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या हिवाळ्यात धुराडं नसलेला प्रोपेनचा हीटर आणला. स्वस्त, पेटवला की पाच मिनिटांत ऊब. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती वाफ थंडगार बिडाच्या टेबलावर जाऊन बसली. आठवड्याभरात टेबल सॉचा पृष्ठभाग तांबूस झाला. तो घासून काढला, मेण लावलं, पुन्हा तेच. त्याच हिवाळ्यात एका देव्हाऱ्याच्या दाराचा सांधा सुटला. उघडून पाहिलं तर डिंक खडूसारखा पांढुरका पडलेला. आपण वापरतो त्या पिवळ्या डिंकाला साधारण दहा अंशांच्या वर तापमान लागतं, आणि ते नुसत्या हवेचं असून भागत नाही. फळीही आतून तितकी उबदार हवी. शेडमधून आणलेली दोन इंच जाडीची फळी तासाभराच्या उबेने फसत नाही. तिला दिवसभर आत ठेवावी लागते. म्हणजे मला रात्रंदिवस टिकणारी, कोरडी, मंद ऊब हवी होती, धूर आणि वाफ दोन्ही बाहेर टाकणारी.

आणि माझं लाकूड फुकट होतं! सुताराकडे ढलप्यांना काय तोटा? लाकडाचा साधा स्टोव्ह बसवावा असं कितीतरी दिवस मनात होतं. वीज नको, यंत्र नको. पण तो स्टोव्ह घटकेत भडकतो, घटकेत निवतो. त्याच्या चारही अंगांनी इतकी धग येते, की जळाऊ वस्तूंपासून तो तीन फूट दूर ठेवावा लागतो, आणि माझ्याकडे तीन फूट मोकळी जागा म्हणजे एका यंत्राची जागा. शिवाय दर दोन तासांनी लाकूड घालायला हातातलं काम सोडायचं. खाच कोरत असताना मला उठायला आवडत नाही. पेलेट स्टोव्हच्या टाकीत एक पोतं, म्हणजे ४० पाउंड, १८ किलो ओतलं की पुढचं काम तो करतो. मळसूत्रासारखा दांडा फिरून थोडे थोडे पेलेट जळण्याच्या वाटीत टाकतो, एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि दुसरा उबदार हवा खोलीत सोडतो.

किती मोठा घ्यावा, हा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी येतो आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. दुकानदार मोठा दाखवतो, आपल्यालाही मोठा हवासा वाटतो. मोठा स्टोव्ह लहान खोलीत कायम सर्वांत खालच्या आचेवर चालतो. तिथे ज्वाळ आळशी होते, काच काळी पडते, वाटीत राखेचे खडे साचतात. मी स्टोव्हच्या आधी भिंतींवर खर्च केला. भिंतींत आणि छतात इन्सुलेशन भरलं, मोठ्या दाराच्या फटी बुजवल्या. मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला: बाहेर उणे वीस आणि आत पंधरा ठेवायचे तर ताशी सुमारे पाच युनिट (किलोवॉट-तास) उष्णता बाहेर जाते. एक किलो पेलेटमध्ये सुमारे पाच युनिट उष्णता. त्यातली चार खोलीत मुरतात असं धरा. म्हणजे कडाक्याच्या थंडीत ताशी सव्वा किलो. इतकं देऊ शकणारा आणि त्याच्या निम्म्याखाली नीट जळणारा स्टोव्ह, एवढीच माझी मागणी होती. तो दुकानातला सर्वांत लहान निघाला. रात्री आच उतरवून ठेवतो. जानेवारीत एक पोतं जेमतेम दीड दिवस पुरतं, आणि डिसेंबर ते मार्च मिळून सुमारे दीड टन संपतात.

पेलेट कठीण लाकडाचे घ्यावेत की पाइनचे, यावर इथले लोक तावातावाने बोलतात. ओंडके जाळताना ओक चांगला, कारण तो जड. पेलेटमध्ये दोन्ही सारखेच दाबलेले असतात. वजनाला वजन पाइन थोडी जास्तच उष्णता देतो. मी फक्त राख आणि ओल बघतो. पोत्यात तळाशी भुगा फार असेल तर ते घेत नाही. आणि पोती ओल्या जमिनीवर कधीच ठेवू नका. पाण्याचा थेंब लागला की कांडी फुगते आणि पुन्हा भुसा होते.

आता धुळीचं बोलायला हवं, कारण याबाबत मला कुणाचंही दुर्लक्ष चालत नाही. बारीक भुशाची धूळ पेट घेते, दाट झाली तर स्फोटही होतो. म्हणून ज्वलनासाठी लागणारी हवा मी भिंतीतून नळी काढून थेट बाहेरून घेतली. नाहीतर स्टोव्ह खोलीतलीच धूळमिश्रित हवा ओढतो. धूळ ओढणारं यंत्र हवा बाहेर फेकत असेल तर खोलीतला दाब कमी होतो आणि धूर उलटा आत येऊ शकतो. म्हणून माझं यंत्र गाळलेली हवा आतच सोडतं. तरी ऊब फिरवणारा पंखा धूळ खातोच. दर शनिवारी स्टोव्ह पूर्ण निववून त्याच्या जाळ्या, पाठ आणि नळ्या साफ करतो. लॅकर किंवा स्पिरिटचं पॉलिश लावायचं असेल तर आदल्या दिवशीच स्टोव्ह बंद. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत येते आणि आग शोधते. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात. ती पसरून, बाहेर वाळवायची. गाडी उभी राहते त्या गॅरेजमध्ये असा स्टोव्ह बसवू नका, पेट्रोलची वाफ तिथे असू शकते. नगरपालिकेची परवानगी घेतली, तपासनीस येऊन बघून गेला, विमा कंपनीला लेखी कळवलं. या तिन्हींत मिळून महिना गेला. जाऊ दे की.

वीज गेली की स्टोव्ह थांबतो, हा त्याचा खरा दोष. डिसेंबर २००८ च्या बर्फाळ वादळात या राज्यात लाखो घरं अंधारात गेली, काहींकडे तर दोन आठवडे वीज नव्हती. वर्कशॉपमध्ये पाण्याचे नळ नाहीत, त्यामुळे गारठून काही फुटत नाही. पण पंखा बंद पडल्यावर वाटीतला धूर आत साचू नये म्हणून एक लहान बॅटरी जोडून ठेवली आहे.

तुझा भुसा स्टोव्हमध्ये घालतोस का, असं लोक मला नेहमी विचारतात. घालता येत नाही. तो दाब आणि ती उष्णता घरी आणता येत नाही. मेपल-चेरीच्या साली शेजारच्या घोड्यांच्या तबेल्यात जातात. अक्रोडाची साल मात्र वेगळ्या पोत्यात भरतो, कारण काळ्या अक्रोडाच्या सालीने घोड्यांच्या खुरांना बाधा होते.

स्टोव्हच्या उबेने हवा फार कोरडी होते, हेही आधी माहीत असावं. हिवाळ्यात घट्ट बसवलेली चेरीची फूटभर रुंद फळी दमट जुलैत तीन मिलिमीटर फुगते. म्हणून दाराच्या चौकटीत मी फळीला डिंक लावत नाही, दोन्ही बाजूंना जागा सोडतो.

फक्त शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला मी पेलेट स्टोव्ह घ्या असं सांगणार नाही. त्याने मिनी-स्प्लिट हीट पंप लावावा, बटण दाबलं की झालं. जो रोज बसतो, ज्याचा डिंक रात्रभर वाळत असतो, त्याला पेलेट परवडतो आणि साजतो. घ्यायचा ठरवलात तर ऑगस्टमध्ये जा, फीत घेऊन आधी भिंती मोजा, आणि दुकानदाराला सांगा की सर्वांत लहान दाखव.

आत्ता सकाळचे सात वाजलेत. बाहेर उणे अठरा आहे, आत तेरा. काल रात्री देव्हाऱ्याच्या दाराला लावलेले क्लॅम्प सोडले. डिंकाची रेघ स्वच्छ पिवळी आहे.