अव्वाचं धारवाड स्टेशन

आमचं मूळ गाव निपाणी. वडिलांना सुरतेजवळ कामरेजच्या एका कापड कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि १९९१ साली आमचं बिऱ्हाड तिकडं हललं. अव्वाचं माहेर धारवाडकडचं. निपाणीत तिचं कन्नड-मराठी मिळून भागायचं. कामरेजला शेजारपाजार सगळा गुजराती. दिवसभर बोलायला कुणी नसे. सोबतीला माहेरून आणलेला एक ट्रान्झिस्टर. दिवसा त्यावर अहमदाबाद-वडोदरा लागे. रात्री जेवणं आवरली की ती काटा हळूहळू ७६५ किलोहर्ट्झवर आणी. खरखरीतून कन्नड गाणं आलं की म्हणे, "बंतु नोड!" आलं बघ.

दहावीनंतर मी सुरतेला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनच्या डिप्लोमाला गेलो. दुसऱ्या वर्षी रेडिओ शिकलो आणि हात शिवशिवू लागले. आवाज वाढवू म्हणून अव्वाचा ट्रान्झिस्टर उघडला आणि आतल्या आयएफटी कॉइलचे रंगीत स्क्रू फिरवून ठेवले. रेडिओ मुका झाला. अव्वा रागावली नाही. नुसती गप्प झाली. ते मला सोसेना.

शेवटी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "स्क्रू कशासाठी आहे ते आधी विचारावं, मग फिरवावा." ७६५ चं स्टेशन पकडायला रेडिओ स्वतःच १२२० ची लहर तयार करतो. दोन्हींतला फरक ४५५ किलोहर्ट्झ, आणि त्या कॉइल नेमक्या तिथंच जुळलेल्या हव्यात. लॅबमध्ये सिग्नल जनरेटर लावून दोन तास जुळवणी केली.

त्या रात्री मी निकालाच्या दिवसापेक्षा जास्त घाबरलो होतो. आधी खरखर, मग शिट्टी, मग स्वच्छ कन्नड. अव्वानं पदर डोळ्यांना लावला.

धारवाड रात्रीच का लागतं, तेही मी तिला सांगितलं. दिवसा उन्हामुळं वातावरणात वर एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी शोषतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि आणखी वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. ती म्हणाली, "म्हणजे सूर्यच आडवा येत होता म्हण की!"

आज अव्वा धारवाडच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. गावाकडचे पाहुणे विचारतात, पोराला डिप्लोमाला घालू का? मी म्हणतो, जरूर घाला. पण घरातली एखादी बिघडलेली वस्तू त्याच्या हाती द्या, आणि तिच्यावाचून घरात कुणाचं अडलंय तेही सांगा.