याकोब कुणाचा?

दांडिया बाजारातून पूल ओलांडून अकोट्यात आलं, की आम्हां बडोदेकर मराठ्यांची जीभ आपोआप गुजरातीकडे वळते. एका बाबतीत मात्र तिला नवं काही शिकावं लागत नाही. मराठी ‘आमचं’ आणि ‘आपलं’ वेगळं ठेवते, तसंच गुजराती ‘अमारुं’ आणि ‘आपणुं’. सोसायटीच्या बैठकीत कुणी पाण्याच्या टाकीला ‘अमारी’ म्हणालं, की भांडणाला तोंड फुटलंच.

बायबलातल्या नव्या कराराच्या ग्रीकला ही सोय नाही. तिथे ‘हेमोन’ हे एकच षष्ठीचं रूप. ऐकणारा त्यात धरलाय की वगळलाय, ते कळत नाही. ‘हेमेतेरोस’ हे विशेषण आमचा-आमची-आमचे यांसारखं बदलतं, पण ते क्वचितच भेटतं, आणि हा भेद त्यालाही ठाऊक नाही. संस्कृतच्या ‘अस्माकम्’चीही तीच गत. ‘आपण’ हा ‘आत्मन्’पासून आला, ऐकणाऱ्याला पोटात घेण्याची रीत मराठीने द्राविडी शेजाऱ्यांकडून उचलली, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. तमिळ-तेलुगूत ती आहेच.

म्हणजे ग्रीकमध्ये जे मोघम राहू शकतं, ते मराठीत राहू शकत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत अडचण नाही: ज्याला बाप म्हणून हाक मारायची तो हाक मारणाऱ्यांत नसतो, तिथे ‘आमच्या’च हवं. खरी पंचाईत योहानाच्या चौथ्या अध्यायात. विहिरीवर शोमरोनी बाई येशूला विचारते, याकोबापेक्षा तू मोठा आहेस काय? त्या याकोबाला ती ‘हेमोन’ बाप म्हणते. याकोब तर यहुद्यांचाही पूर्वज आणि शोमरोन्यांचाही. ‘आपला’ लिहिलं तर ती नातं जोडते, ‘आमचा’ लिहिलं तर हक्क सांगते. पुढे विसाव्या वचनात ‘आमचे पूर्वज या डोंगरावर, तुम्ही मात्र यरुशलेमात’ असा सरळ सामना आहे, तिथे शंकाच नाही. मी बाराव्यातही ‘आमचा’च लिहीन. तोवर तिच्या लेखी समोरचा परका यहुदी आहे, आणि ज्याने पाणी मागितलं त्याला विहिरीत वाटेकरी कोण करतं?

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 साली, अगदी आयुष्याच्या शेवटी, ते काम संपलं. संस्कृत पंडिताची ही मुलगी. पण लिहायचं होतं खेड्यापाड्यांतल्या साध्या बायकांना कळेल असं. त्या बायकांना ‘आमचा’ आणि ‘आपला’ यांतला फरक कुणी शिकवावा लागत नव्हता, आणि तो चुकला तर खटकल्याशिवायही राहिला नसता. भाषांतरकाराच्या असल्या निवडींना तळटीप नसते. सिद्धान्तांवर वाद झडतात, या ‘आ’कारी सर्वनामांकडे कुणी बघतही नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

घरात मराठी बायबल असेल तर योहान 4:12 आणि 4:20 शेजारी ठेवून वाचून पाहा. अकोट्यात राहत असाल, तर शेजाऱ्याकडची गुजराती प्रतही मागून आणा.