दिल्लीतले नोव्हेंबरचे सामने

दिल्लीला जाणारा मराठी प्रवासी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि जमलेच तर एका दिवसात आग्रा एवढे उरकून परतीची गाडी पकडतो. पण ज्यांची मुले शिकायला दिल्लीत, नोएडात किंवा गुरुग्रामात राहिली आहेत, त्यांना हल्ली एक वेगळीच दिल्ली पाहायला मिळते. वसतिगृहांची, मेट्रोच्या स्थानकांची आणि संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात रंगणाऱ्या सामन्यांची. घरात बास्केटबॉल खेळणारे मूल असेल तर विचारूच नका!

या दिल्लीची सुरुवात उत्तरेकडून करावी. मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर 'विश्वविद्यालय' स्थानकाला उतरले की ई-रिक्षावाले महाविद्यालयांची नावे पुकारत उभेच असतात. सेंट स्टीफन्स आणि हिंदू ही दोन जुनी महाविद्यालये एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत. दिल्ली विद्यापीठ १९२२ चे. बास्केटबॉलचेही या शहराशी जुने नाते आहे, कारण पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली नवी दिल्लीतच झाली. सामना संपल्यावर मुले जवळच्या कमलानगरात छोले-भटुरे खायला जातात. पाहुण्यांनीही जावे, मात्र दुपारचे जेवण टाळून.

पावसाळा ओसरला की महाविद्यालयांच्या क्रीडामहोत्सवांचे दिवस येतात. हौजखासच्या आयआयटीचा 'स्पोर्टेक' त्यांतलाच एक. दिल्लीचे संघ राजस्थानात पिलानीलाही जातात. तिथल्या बिट्स संस्थेचा 'बॉसम' महोत्सव प्रसिद्ध आहे. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, प्रवास रात्रीच्या बसचा आणि मुक्काम वसतिगृहात चादर अंथरून. घरच्यांना वाटते, मुले मजा करायला जातात. मजा असतेच, पण या स्पर्धांवाचून मुलांचे अडते. ते का, हे कळण्यासाठी कोटला मार्गावर जावे लागेल.

कोटला मार्गावरचे वेळापत्रक

आयटीओजवळच्या या रस्त्याचे आजचे नाव कॉम्रेड इंद्रजित गुप्ता मार्ग. तिथे राष्ट्रीय बालभवनाच्या परिसरात भारतीय विद्यापीठ संघाची कचेरी आहे. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून ही संस्था सुरू झाली. देशातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा कुठे आणि कधी व्हायच्या, ते इथून ठरते. देशाचे चार विभाग केलेले आहेत. दिल्ली, हरियाणा, पंजाबातली विद्यापीठे उत्तर विभागात, तर आपली पुणे, मुंबई, नागपूरची पश्चिम विभागात. विभागीय स्पर्धा सुरुवातीला बाद पद्धतीने खेळली जाते आणि वर आलेले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात.

यातली मेख आहे ती 'बाद' या शब्दात. माझा भाचा ग्रेटर नोएडातल्या एका विद्यापीठाकडून खेळतो. तो एकदा मला म्हणाला, "मावशी, आमचं वर्ष चाळीस मिनिटांचं असतं." बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा. पहिल्याच फेरीत बलाढ्य संघाशी गाठ पडली की चाळीस मिनिटांत वर्ष संपले! बारा जणांच्या संघातल्या बाकावरच्या मुलांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. महोत्सवांत मात्र पुष्कळदा आधी गटवार साखळी असते. हरलात तरी दोन-तीन सामने हाती लागतात आणि नवख्या मुलांना मैदानात उतरायला मिळते.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला आहे. तिथेही विद्यापीठांचे आपल्या विभागांसारखे गट असतात. पण गटातले सामने सुरू होण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, साधारण डझनभर सामने प्रत्येक संघ स्वतः ठरवतो. मोठी विद्यापीठे लहानांना ठरावीक मानधन देऊन आपल्या घरच्या मैदानावर बोलावतात, आणि त्या पैशावर लहान विद्यापीठांच्या क्रीडाविभागाचा बराच खर्च भागतो. मार्चमध्ये अंतिम स्पर्धेसाठी ६८ संघ निवडताना हे सुरुवातीचे सामनेही तोलले जातात. परक्या मैदानावरच्या विजयाला जास्त वजन, घरच्या मैदानावरच्याला कमी.

याच दिवसांत तिथे निमंत्रितांच्या स्पर्धा भरतात. त्यांतली मावी बेटावरची सर्वांत नावाजलेली. २३ डिसेंबर १९८२ रोजी होनोलुलूत, हजाराच्या आत विद्यार्थी असलेल्या चॅमिनेड या महाविद्यालयाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असे हरवले. व्हर्जिनियाकडे सव्वासात फुटांहून उंच राल्फ सॅम्पसन होता! या विजयाचा एवढा गवगवा झाला की त्यातूनच १९८४ पासून मावीची स्पर्धा सुरू झाली. बाद पद्धतीच्या सरकारी वेळापत्रकात असा सामना घडला असता तर चॅमिनेड पुढच्या फेरीत गेले असते, एवढेच.

अल्फा, डेल्टा, परी चौक

भाच्याचा सामना पाहायचा तर ग्रेटर नोएडा गाठावे लागते. मेट्रोच्या निळ्या मार्गिकेने नोएडा सेक्टर ५२ ला उतरायचे, थोडे पायी चालून सेक्टर ५१ ला जायचे आणि तिथून अ‍ॅक्वा मार्गिका पकडायची. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेली ही सुमारे तीस किलोमीटरची मार्गिका उंच इमारतींच्या रांगा आणि मध्येच उघडी शेते पार करीत नॉलेज पार्क आणि परी चौकाकडे नेते. पुढच्या स्थानकांची नावे अल्फा, डेल्टा! गावाचे नकाशे आखणाऱ्याला भूमितीचा तास फार आवडत असावा. एनबीएने आपली भारतातली अकादमी २०१७ साली याच गावात उघडली आणि पंजाबचा प्रिन्सपाल सिंग तिथूनच पुढे अमेरिकेत खेळायला गेला. पण अकादमीच्या लाकडी कोर्टाचे सुख सगळ्यांच्या नशिबी कुठले? बहुतेक महाविद्यालयांचे कोर्ट उघड्यावरचे, सिमेंटचे.

आणि नेमकी इथेच दिल्लीची हवा आडवी येते. दिवाळीच्या सुमारास वारा पडतो, थंडीने हवा जमिनीलगत कोंडते. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, शेतातल्या पराळीचा धूर आणि वर फटाके. हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढे गेला की सरकारी तक्त्यात तिला 'गंभीर' म्हणतात. धावणारे मूल बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा ओढून घेते. म्हणजे जे महिने सरावाच्या सामन्यांचे, तेच श्वास घ्यायला सर्वांत वाईट.

२०२५ च्या नोव्हेंबरात हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, शाळांच्या मैदानी स्पर्धा सुरक्षित महिन्यांत हलवण्याचा विचार करा, असे हवा गुणवत्ता आयोगाला सांगितले. आयोगानेही नोव्हेंबर-डिसेंबरच्या स्पर्धा पुढे ढकलण्याबद्दल दिल्ली आणि शेजारच्या राज्यांना लिहिले. माझ्या मते हे योग्यच झाले. सामना पुन्हा भरवता येतो, फुप्फुसे कुठून आणणार?

पण पुढे ढकलायचे म्हणजे कुठे? हिवाळ्यात सत्रपरीक्षा. जानेवारीत धुके, गाड्या तासन्‌तास उशिरा. एप्रिलपासून सिमेंटचे कोर्ट तव्यासारखे तापते. उरतात फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात. तोवर विभागीय स्पर्धा आटोपलेल्या असतात, मग सराव कशासाठी करायचा? वेळापत्रक बदलायचे तर महोत्सव आणि विभागीय स्पर्धा दोन्ही एकदम हलवाव्या लागतील, किंवा उघड्या कोर्टांवर छप्पर आणि आत स्वच्छ हवेची सोय करावी लागेल. भाच्याचे हे तिसरे वर्ष आहे. त्याच्यापुढे एवढा वेळ नाही.

मुलाचा सामना पाहायला जाणाऱ्यांनी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा निवडावा. दुपारी ऊन कोवळे असते आणि रस्त्याच्या कडेला फुले बहरलेली असतात. तरी संध्याकाळी स्वेटर हवाच. नोव्हेंबरातच जाणे भाग असेल तर निघण्याआधी संघाच्या प्रशिक्षकांना फोन करून सामना खरोखर आहे का, ते विचारून घ्यावे. सोबत चांगला मास्क ठेवावा. आणि अ‍ॅक्वा मार्गिकेने परतणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा, कारण परी चौकातून रात्री दिल्लीपर्यंतचे टॅक्सीचे भाडे ऐकून पोटात गोळा येतो.