टाकीच्या खांद्यावरची जन्मतारीख

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं, हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊकच असेल. आता किल्ल्याच्या आसपास होड्या नांगर टाकून उभ्या असतात आणि पाठीला टाकी बांधून माणसं पाण्यात उतरतात. खालच्या प्रवाळांबद्दल आणि रंगीत माशांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी मात्र आज तुम्हाला किनाऱ्यावरच थांबवणार आहे, माडांच्या सावलीत ठेवलेल्या टाक्यांपाशी.

या टाकीत ऑक्सिजन असतो, असं बरेच पर्यटक म्हणतात. साफ चूक! असते ती आपली साधी हवाच, फक्त दाबून भरलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत पाणी जेमतेम ११ लिटर मावेल. पण हवा मात्र सव्वादोन हजार लिटरच्या आसपास कोंबलेली असते. मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा हा दाब जवळजवळ शंभर पट! त्यामुळे टाकी धड नसेल, तर धोका पाण्यात उतरण्याआधीच, हवा भरताना सुरू होतो.

नवी टाकी महाग, म्हणून जुन्याही विकल्या जातात. मी गेलो तेव्हा एक तरुण होडीवाला अशाच चार टाक्या घ्यायला निघाला होता. बरोबर त्याचे काका होते. ते जुने डायव्हर.

काकांनी रंगाकडे पाहिलंच नाही. ओल्या फडक्याने टाकीचा खांदा पुसला. खांदा म्हणजे मानेखालचा गोल उतार. तिथे धातूतच आकडे ठोकलेले असतात : टाकी कुठल्या मानकाप्रमाणे बनवली, किती दाब सोसेल, तिचा क्रमांक आणि पहिल्या चाचणीचा महिना व वर्ष. ही झाली तिची जन्मतारीख. पुढच्या चाचण्यांच्या तारखा शेजारी ठोकतात. अमेरिकेत ही चाचणी दर पाच वर्षांनी होते.

पहिल्या टाकीवर होतं १९८६.

"ही घेव नको रे, झिला!" काका म्हणाले.

कारण त्या काळातल्या पुष्कळ टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या आहेत. वर्षानुवर्षं दाब सोसून त्यांच्या मानेत, आट्यांपाशी, केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. परदेशात अशा काही टाक्या भरतानाच फुटल्या आणि माणसं जबर जखमी झाली. अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्याने १९८८ साली हा धातू सोडून ६०६१ वापरायला सुरुवात केली.

दुसरी टाकी पिवळीधमक. "एवढी नटवली कशाला?" काकांनी विचारलं. विकणारा हसला, पण रंग भट्टीत भाजलाय का, ते त्याला सांगता येईना. फार तापलं की ॲल्युमिनियमची ताकद जाते. शिवाय जाड रंगाखाली खड्डे लपतात.

उरलेल्या दोन टाक्यांतली हवा पूर्ण सोडून त्यांनी व्हॉल्व्ह काढले. (हे जाणत्या माणसाचंच काम, तुम्ही चुकूनही करू नका.) आत दिवा सोडला. तिसरीत पांढरी भुकटी आणि खोल खड्डे! खारं पाणी शिरलेलं. लोखंडाचा गंज तांबडा, ॲल्युमिनियमचा पांढरा. चौथी आतून स्वच्छ, धातू ६०६१. पण शेवटची चाचणी सात वर्षांपूर्वीची.

ही चाचणी मोठी गमतीची असते. टाकी पाण्याने भरून पाण्याच्याच पिंपात ठेवतात आणि नेहमीच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. टाकी किंचित फुगते! दाब काढल्यावर ती पूर्ववत व्हायला हवी. एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त फुगवटा कायम राहिला, तर टाकी बाद. हवेऐवजी पाणी अशासाठी की ते फारसं दबत नाही. टाकी फुटलीच तर स्फोट होत नाही.

आपल्याकडे अशा सिलेंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं, 'पेसो'चं, मुख्यालय आहे नागपुरात. समुद्रापासून किती दूर! पण त्याची मान्यता नसलेला सिलेंडर भरता येत नाही. चौथीचे ते कागदही काकांनी मागून पाहिले.

"चारही घ्या, निम्म्या भावात देतो," विकणारा म्हणाला. पुतण्याचे डोळे चमकले. काकांनी तीन टाक्या त्याच्याकडे परत सरकवल्या आणि चौथी स्कूटरवर बांधली. पैसे चाचणीत पास झाल्यावर द्यायचे ठरले.