दर्शनी पडदा

त्याचा मुक्काम देवळाच्या अग्रशाळेच्या माळ्यावर. दोन वाशांच्या मधे, वेळूला गुंडाळलेला, तो वर्षातले दहा-अकरा महिने निजून असतो. सोबतीला पालखीच्या जुन्या दांड्या, शिगम्यात फुटलेला एक ढोल आणि दर पावसाळ्यात तिथेच बाळंत होणारी मांजर. अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याखाली कधीकाळच्या गॅसबत्तीच्या रॉकेलचा. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला कुणी नाव दिलेले नाही. नावे ठेवणारे मात्र पुष्कळ. सगळे नुसते ‘देवळातलो पडदो’ म्हणतात.

तोंडावर सरस्वती, शेजारी मोर, मागे जांभळट डोंगर आणि कुठल्याही ऋतूत न मावळणारा सूर्य. ज्याने हे रंगवले तो चतुर्थीला गणपती रंगवायचा आणि उरलेले वर्ष ट्रकांच्या फळ्या. त्यामुळे सरस्वतीचे डोळे गणपतीसारखे लांबट आणि तृप्त आहेत, तर मोराच्या पिसाऱ्याला ट्रकच्या पाठीवरच्या वेलबुट्टीचे वळण आहे. कोपऱ्यात त्याने सही केली होती. तिच्यातले ‘आर्टिस्ट’ एवढेच उरले, नाव उंदराने खाल्ले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात गेले; आमचा माणूस ट्रकांकडे गेला. पडदा दोघांच्याही मागे राहिला.

वीणेच्या जागी एकदा फाटले तेव्हा कुणाच्या तरी निळ्या साडीचा तुकडा लावला. त्यात सरस्वतीची दोन बोटे गेली. पहिलीतल्या प्रत्येक मुलाला हा शोध स्वतंत्रपणे लागतो आणि तो हात वर करून बाईंना सांगतो. बाई दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे करतात.

शाळेने गॅदरिंगला देवळाचा पडदा का मागावा, असे बाहेरचे लोक विचारतात. या मुलखात दोघांची देवघेव जुनी आहे. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखातल्या, पोरांना मराठी अक्षरे दाखवली ती गावोगावच्या शेणवीमामांनी, म्हणजे पंतोजींनी. कुठे देवळाच्या सोप्यात, कुठे कुणाच्या पडवीत. मुक्तीनंतर, १९६३ च्या डिसेंबरात, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांचा जन्म पेडण्याचाच. त्यांच्या काळात वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी शाळा निघाल्या. फळे आले, बाके आली, घंटा आली. पडदा काही कुणी पाठवला नाही. तो मागूनच आणायचा होता, आणि मागायला देऊळ समोरच होते.

त्याला थोडी घमेंड आहे, हे मान्य करायला हवे. जत्रेत दशावतार उभा राहतो तेव्हा त्याला कुणी खाली उतरवत नाही. दशावतारी मंडळींचे सगळे काम एका बाकड्यावर भागते. तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच शेज. त्या रात्री तो माळ्यावरून पायपेटी आणि झांज ऐकत पडून राहतो, आणि मला वाटते, मनात कुरकुरतो. गावच्या हौशी मंडळींचे ऐतिहासिक नाटक असले की ताठ होऊन सरसर वर जातो. पण त्याला खरे ओळखायचे तर शाळेच्या गॅदरिंगला. तिथे त्याची सगळी ऐट उतरते.

निमंत्रणपत्रिकेत ‘सायंकाळी ठीक सात वाजता’ असते. साडेसात वाजता तो अजून हलत नाही, पण पाठीमागून त्याला गुदगुल्या होत असतात. कुणाचे कोपर लागते, कुणाचा भाला टोचतो. काजळाच्या मिशा लावलेले सात मावळे आणि फुगडीच्या मुली एवढ्याशा जागेत उभ्या; दोन बाईंच्या तोंडात पिना; हेडमास्तरांच्या हातात यादी, जी कार्यक्रमाशी जुळत नाही. पुढे माइकवर आठवीतली मुलगी अस्खलित मराठीत सांगते, ‘रसिकहो, यानंतर सादर होत आहे...’ आणि तिचे वाक्य संपायच्या आत मागून ऐकू येते, ‘पडदो वयर काड रे! बेगीन!’ पुढची भाषा वेगळी आणि मागची वेगळी. दोन्ही त्याला अंगच्या.

आता मोराच्या डोळ्याविषयी. तिथे एक भोक आहे. कुणी पाडले ते ठाऊक नाही. पण ते बरोबर तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. देवस्थान समितीने दोनदा ठिगळ लावले आणि दोन्ही वेळा पुढच्या गॅदरिंगला ते मोकळे झाले. त्यातून एकेक मूल बाहेर बघते. प्रेक्षकांत बसलेल्याला मोर डोळा मिचकावताना दिसतो. मी आजवर पुष्कळ नाटके पाहिली, पण असा परिणाम कुठल्याही नेपथ्यकाराला साधलेला पाहिला नाही.

मुले शोधतात ती आईला. ती सापडते, बहुधा तिसऱ्या रांगेत, धाकट्याला मांडीवर घेऊन. मग बापाला. तो सापडतोच असे नाही. डिसेंबर म्हणजे हरमल, मांद्रे, मोरजीचा सीझन. टॅक्सी चालवणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या माणसाला वर्षाची कमाई याच दिवसांत करायची असते आणि शाळेला गॅदरिंगही याच दिवसांत घ्यायचे असते. कधी नऊच्या सुमाराला एखादी टॅक्सी मैदानाच्या कडेला थांबते, आतला माणूस खाली उतरून दाराला टेकून उभा राहतो. तोवर त्याच्या मुलाचा नाच झालेला असतो. मोर मात्र पुन्हा पुन्हा डोळा मिचकावतो.

दोरी कुणाच्या हातात द्यायची, यालाही आमच्या शाळेत रीत होती. ज्याला नाचात घेतलेले नाही, नाटकात वाक्य नाही, खेळात नंबर नाही आणि बक्षिसाच्या यादीत नाव नाही, त्याला. माझ्या वर्गात असा एक जण होता. सातवीला दुसऱ्यांदा बसलेला, दंडाने दांडगा. एक शिटी म्हणजे वर, दोन म्हणजे खाली, एवढा त्याचा अभ्यास. तो त्याने मन लावून केला होता. त्या वर्षीच्या पाहुण्यांचे भाषण अर्धा तास झाले तरी आटपेना. टेबलावर बक्षिसे मांडलेली: स्टीलचे डबे, कंपासपेट्या, दोन शब्दकोश. मागे मावळ्यांच्या मिशा घामाने ओघळू लागल्या. पाहुणे माइकसह पुढे आले, पाण्याचा घोट घ्यायला थांबले, आणि पडदा पडला. शिटी कुणी वाजवली नव्हती. पाहुणे एका बाजूला. खुर्च्या, बक्षिसे आणि अध्यक्ष दुसऱ्या बाजूला. त्या रात्रीची सर्वांत मोठी टाळी तेव्हा पडली. पाहुणे सज्जन होते. ‘धन्यवाद’ म्हणाले आणि पडद्याखालून वाकून आत गेले.

मला त्या वर्षी निबंधाचे दुसरे बक्षीस म्हणून शाईपेन मिळाले. ते पुढे कुठे गेले, आठवत नाही. दोरीवरच्या त्या पोराचा चेहरा लख्ख आठवतो. हेडमास्तरांनी त्याला रागावल्यासारखे केले आणि पुढच्या वर्षी दोरी पुन्हा त्याच्याच हाती दिली. बक्षीस-वितरण दहा मिनिटांचे आणि बारा मुलांचे असते. गॅदरिंग सगळ्या शाळेचे, हे त्या हेडमास्तरांना कळत होते. आता ‘गुणगौरव’ या नावाखाली पहिले दोन तास ट्रॉफ्या वाटणाऱ्या शाळा पाहतो तेव्हा मला ती दोरी हातात घ्यावीशी वाटते.

पुढे नोकरी डिचोली तालुक्यात लागली. तिथल्या शाळेचा पडदा स्वतःचा, तांबडा मखमली, मधून दुभंगणारा. ट्रकमालकांच्या देणगीतून घेतलेला. खाणी जोरात होत्या तेव्हा रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर जात आणि पडद्याच्या कडेवर लाल धूळ बसे; मखमल मुळातच तांबडी असल्याने कुणाला कळत नसे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मग धूळ बसेना, देणग्याही येईनात. वरच्या झालरीवर ‘सौजन्य’ लिहून नावे शिवलेली आहेत. त्यांतल्या काहींनी ट्रक विकले. झालर तशीच ठेवली आहे. हा मखमली गडी श्रीमंती वळणाचा, पण ऐन वेळी मध्यावर अडकतो आणि शिपायाला स्टुलावर चढवतो. आमच्या वेळूवाल्याने अशी फजिती कधी केली नाही.

मोठ्या शाळा हल्ली साखळीच्या रवींद्र भवनात जातात. कुठे पाठीमागे एलईडीची भिंत असते. नाच कोळ्यांचा असला तर लाटा, देशभक्तीचा असला तर तिरंगा. देखणे दिसते, नाकारत नाही. पण त्या भिंतीला भोक पाडून आई आली का ते बघता येत नाही. लहान मराठी शाळांचा पट मात्र इतका उतरला आहे की एकच मुलगी फुगडीत, कोळीगीतात आणि स्वागतगीतात दिसते. कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून पडदा जरा जास्त वेळ खाली ठेवतात. तो तेवढी सवड देतो.

वर्ष संपते केव्हा, हेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०२५ मध्ये वरच्या इयत्तांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले. पडद्याच्या लेखी मात्र वर्ष अजूनही गॅदरिंगच्या रात्री संपते, शेवटचे गाणे झाले, पातळ भाजी-पावाच्या पुड्या मैदानात उडू लागल्या आणि चार जणांनी त्याला खांद्यावर घेतले की.

कुठल्या शाळेला हवा असेल तर कार्तिकी पौर्णिमेच्या आत समितीकडे नाव घालावे. त्यानंतर नाटकवाले सोडत नाहीत. माळ्याची चावी पुजाऱ्यांकडे असते. भाडे नाही. फक्त रात्री तसाच गुंडाळू नये, डिसेंबरात दव फार पडते. दुसऱ्या दिवशी उन्हात सोडावा, खडखडीत वाळू द्यावा, मगच परत आणावा. आणि मोराचा डोळा शिवू नये.