अनोळखी शाईपेनाची ओळख

जुने शाईपेन ओळखायला नळीपासून सुरुवात करावी. नीब शेवटी पाहावा. पेनावर ठळक अक्षरे असतात ती निबावर, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिकडे जाते. पण निबाचे टोक झिजते, पेन हातातून पडले की ते वाकते, आणि मग नवा नीब बसवला जातो. निबावरचे नाव त्यामुळे फार तर शेवटच्या दुरुस्तीची साक्ष देते. ‘इरिडियम पॉइंट, जर्मनी’ ही अक्षरे तर कोणत्याही एका कारखान्याची खूण नव्हेत. तरीही तेवढ्यावरून घरोघर ‘आजोबांचे जर्मन पेन’ ठरून जाते, याची खंत वाटते. ‘१४ कॅरेट’ किंवा ‘५८५’ हा शिक्काही सोन्याचे प्रमाण, म्हणजे सुमारे ५८.५ टक्के, एवढेच सांगतो.

नळी कशाची आहे, हे नाकाने कळते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. अंगठ्याने घासून ते किंचित गरम केले की गंधकाचा वास येतो. उन्हात राहिलेले काळे एबोनाइट हिरवट-तपकिरी पडते. सेल्युलॉइडला कापराचा वास असतो. तापलेली सुई टोचून परीक्षा घेणारे अजून आहेत. त्यांना हात जोडून थांबवावे, कारण सेल्युलॉइड झटकन पेट घेते. साच्यातल्या प्लॅस्टिकवर बारीक जोडरेषा सापडते, तर लेथवर कातलेल्या नळीत आतून सूक्ष्म वर्तुळे दिसतात.

शाई भरायची रीत हा खरा वादाचा मुद्दा. शेफरचे तरफेचे पेटंट १९०८ चे, बटणाने भरायचे पार्कर ड्युओफोल्ड १९२१ चे, पेलिकनचा पिस्टन १९२९ चा. परदेशी पुस्तके हा क्रम लावून सांगतात, की ड्रॉपरने शाई भरायचे पेन म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे किंवा त्याआधीचे. युरोप-अमेरिकेपुरते ते बरोबर आहे. दक्खनेत तोच नियम लावला की पन्नास-साठ वर्षांची चूक होते. इथे ड्रॉपरची पेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही सर्रास बनत होती आणि आजही बनतात. त्याला कारणे आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तरफेच्या-बटणाच्या पेनांतली रबराची पिशवी कडक होऊन तडकते. ड्रॉपरच्या पेनात पिशवीच नसते, शाई जास्त मावते, आणि असे पेन एका लेथवर पुरे होते. राजमहेंद्रीचे रत्नम पेन १९३२ पासून याच रीतीचे. ड्रॉपर पाहून शतक ठरवणे म्हणजे बैलगाडी पाहून पेशवाई ठरवण्यासारखे आहे.

पेन कोणत्या वाटेने आले, हेही पाहावे लागते. नांदेड मनमाड-हैदराबाद लोहमार्गावर असल्याने तिथला बाजार हैदराबादशी बांधलेला. १९२८ पासूनचे डेक्कन पेन स्टोअर्स त्याच शहरातले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली आणि कुर्डुवाडीमार्गे मुंबईचा माल येऊ लागला. नांदेडच्या पेटीतले निनावी एबोनाइट पेन आधी तेलुगू मुलखाकडे आणि लातूरचे मुंबईकडे तपासावे. हा पुरावा नव्हे, शोधाची दिशा आहे.

निबाची पाळी आता येते, तीही अक्षरांसाठी नव्हे, टोकासाठी. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी घरांतले वकील-कारकूनही ती लिहीत. दहापट भिंगाखाली काही निबांचे टोक गोल नसून तिरपे, सपाट कापलेले दिसते. हा कट उर्दू अक्षराला जाड-बारीक वळण देण्यासाठी. मात्र झिजेनेही टोक तिरके होते. झिजलेली कड गुळगुळीत व ओघळल्यासारखी असते, कापलेली कड सरळ आणि दोन्ही पाकळ्यांवर एका रेषेत. हा फरक सांगताना जाणकारही अडखळतात आणि पुन्हा भिंग उचलतात. इथे घाईने निकाल देऊ नये.

नावाजलेल्या पेनांचे काम सोपे. १९४० च्या दशकातल्या अमेरिकन पार्करच्या नळीवर वर्षाचा शेवटचा अंक आणि भोवती ठिपके असतात: तीन ठिपके म्हणजे पहिली तिमाही, एकही नसेल तर चौथी. पार्कर ५१ मध्ये दाबून भरायची नळी १९४८ मध्ये आली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानातली निजामाची राजवट संपली. तेव्हा ‘निजामाच्या काळातले’ म्हणून दाखवलेले तसे पेन बहुधा त्यानंतरचेच. नीब झाकलेला दिसला की पार्कर, हेही खरे नाही. चिनी हिरो पेनांची घडण तशीच असते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते पेन जाणकाराकडे येण्याआधी. घरची मंडळी प्रेमाने ते पॉलिशने चकचकीत करतात आणि नळीवरची पुसट अक्षरे कायमची जातात. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो. पेन फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावे, अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरून नळी सावकाश फिरवावी. अक्षरे सावलीने उठतात. काहीच उठले नाही तर नळीची लांबी, साहित्य, टोपणाच्या आट्यांची संख्या, निबाचा कट, आणि ते कोणत्या गावात, कोणत्या नोकरीतल्या माणसाच्या खिशात होते, एवढे कागदावर लिहून चिठ्ठी पेनासोबत ठेवावी. दुसरे तसेच पेन सापडेल, तेव्हा ताडून पाहायला हीच चिठ्ठी लागते.